अकरा किलो कशाचे गेले?

बेलवलीतल्या एका वजन उतरवून देणाऱ्या केंद्रानं मला फसवलं. सात महिन्यांत त्यांनी माझे अकरा किलो उतरवले आणि ते कशाचे उतरले हे मला सांगितलं नाही. फसवणूक एवढीच असती तर मी लिहायला बसलो नसतो. केंद्राच्या दारात जाऊन भांडलो असतो, आणि भांडण मला चांगलं जमतं. पण या फसवणुकीत आणखी एक माणूस सापडलं. त्या माणसानं केंद्राचं दारही पाहिलेलं नाही. ते आज आमच्या हॉलमध्ये खाटेवर आहे, आणि ते पुन्हा आपल्या पायांवर उभं राहील का, हे मला कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

ज्यांच्या घरात साठी ओलांडलेली माणसं आहेत त्यांनी हे वाचावं. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं सांगणार नाही. मी भंगारवाला आहे.

जळकी मोटार

आमची बदलापूरकडे भातशेती होती. मी पंधराव्या वर्षी हातगाडी घेतली आणि अंबरनाथच्या कारखान्यांमागे लोखंडाचे तुकडे वेचायला लागलो. आज उल्हासनगरात माझा गाळा आहे. कुणी हात धरून मोठं केलं नाही.

या धंद्यात पहिली शिकवण जळक्या मोटारीची. कारखान्यातून जळकी मोटार येते. काट्यावर ती चाळीस किलो भरते. नवा माणूस चाळीस किलो बघतो आणि भाव बोलतो. जुना माणूस आधी झाकण उघडतो. कारण आतलं तांबं कुणीतरी आधीच काढून नेलेलं असतं आणि त्या जागी पत्र्याचे तुकडे भरलेले असतात. काटा किती ते सांगतो. काय ते आपण बघायचं असतं. हे मी शंभर पोरांना शिकवलं.

गाळ्यावर पत्रे आहेत. दिवसाही दिवे लावावे लागतात. सकाळी आठला आत शिरायचो तो अंधार पडल्यावर बाहेर. भातात वाकून पाठ भाजलेला माणूस मी, पण गेली तीस वर्षं ऊन मला रविवारी दिसायचं, तेही रविवारी गाळा बंद असला तर.

दहा किलो

दोन वर्षांपूर्वी पोटाच्या उजव्या बाजूला जड वाटायला लागलं. उल्हासनगर कॅम्पातल्या नेहमीच्या डॉक्टरनं सोनोग्राफी करून आणायला सांगितली. कागद बघून त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"शेठ, घेता का?"

"बारा वर्षं झाली. थेंब नाही."

"मग ही चरबी कुठून आली? यकृतावर चरबी चढलीय."

"उतरवायची कशी?"

"वजन उतरवा. दहा किलो."

"आठ केले तर?"

"शेठ, हे तुमचं दुकान नाही. दहा."

बाहेर सात माणसं बसली होती. आमचं बोलणं एवढंच झालं. काय खायचं, काय सोडायचं, कुठलं वजन उतरवायचं, यातलं काही नाही. कुंदा, माझी बायको, शेजारच्या खुर्चीत माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, "चल." मी रागावलो होतो. मनात ठरवलं, दहा मागतोस काय, अकरा देतो. समोरच्याचं तोंड बंद करायचं असेल तर मागितल्यापेक्षा जास्त ठेवावं लागतं.

लाल गोल

केंद्र आमच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. सकाळी सहाला वीस-पंचवीस माणसं जमायची. चालवणाऱ्याला सगळे 'सर' म्हणायचे. तिशीचा, गुळगुळीत बोलणारा. सकाळी त्यांचा काढा, दुपारी कोशिंबीर आणि फळं, संध्याकाळी दुधीचं पाणी. मासळी, मटण, अंडी बंद. डाळसुद्धा पातळ. 'जड अन्न यकृताला बाधतं' हे त्यांचं वाक्य.

दर सोमवारी एका यंत्रावर अनवाणी उभं राहायचं. यंत्रातून चिठ्ठी यायची. चिठ्ठीवर इंग्रजीत पाच ओळी आणि पाच आकडे. सर त्यातल्या पहिल्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल करायचे आणि मोठ्यानं वाचायचे. आकडा उतरला असेल तर सगळे टाळ्या वाजवायचे. सासष्टाव्या वर्षी मला कुणी टाळ्या वाजवतंय याचं मला काय वाटायचं ते खोटं का सांगू? मी सोमवारची वाट बघायचो.

त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या. पहिल्या आकड्याखाली काय लिहिलंय हे एकदाही विचारलं नाही. झाकण उघडलं नाही.

आता ती तव्याची गोष्ट. ती गाळून पुढे गेलो तर बाकीच्याला अर्थ नाही. केंद्राचा पहिलाच आठवडा होता. संध्याकाळी घरी आलो, पोटात दुधीचं पाणी, आणि जिन्यातच सुक्या बोंबलांचा वास. कुंदानं स्वतःपुरते चार बोंबील तव्यावर टाकले होते. माझं डोकं फिरलं. तवा उचलला आणि तसाच मोरीत उपडा केला.

"या घरात आता मासळी शिजणार नाय! मी उपाशी मरतोय आणि तू माझ्या नाकावर तळतेस?"

ती मोरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरा. दोन मानसांना दोन सयपाक तरी कशाला? तुमी खाल त्याच मी खाईन."

आमच्यात बाई मागून जेवते आणि उरलेलं जेवते. कोशिंबीर आणि दुधीच्या पाण्यातून उरतं काय, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. पुढे कधीच विचारलं नाही.

पाटल्या

चौथ्या महिन्यात कुंदा म्हणाली की भांडी घासताना पाटल्या कोपरापर्यंत घसरतात. मी पाटल्या घेऊन कॅम्पातल्या सोनाराकडे गेलो. तिलाही नेलं, मनगटाचं माप द्यायला.

सोनार म्हणाला, "शेठ, वहिनी बऱ्याच उतरल्या वाटतं?"

"उतरणारच. केंद्र मी लावलंय, फायदा तिला फुकटात," मी म्हणालो. आम्ही दोघं हसलो. कुंदाही हसली.

त्यानं प्रत्येक पाटलीतून तुकडा काढला. मी त्याच्या काट्याशेजारी उभा राहिलो. पंखा बंद करायला लावला, म्हणजे काटा हलू नये. कापलेला तुकडा गुंजभरही कमी भरला नाही याची खात्री करून मगच दुकानाची पायरी उतरलो. बायकोच्या हातावरून उतरलेलं सोनं मी असं डोळ्यांत तेल घालून मोजून घेतलं.

हाताचं मनगट तिथेच होतं, माझ्यासमोर, काचेवर टेकवलेलं. ते कुणी मोजलं नाही.

टाळी

माझ्यात काही बिघडतंय हे आधी लछूभाईनं ओळखलं. शेजारच्या गल्लीतला सिंधी व्यापारी, वीस वर्षांचा व्यवहार. आमच्याकडे सौदा ठरला की कागद नंतर, आधी तळहातावर तळहात आपटून घट्ट धरायचा. त्या दिवशी सौदा ठरला, हात धरला आणि त्यानं तो सोडलाच नाही. उलटा करून बघत राहिला.

"साईं, छा थ्यो? काय झालं तुला?"

"कुठं काय? अकरा किलो उतरवले. बघ, पँट बघ."

"पँट नको दाखवू. पहले तू हाथ मिलाता था तो मेरी अंगूठी चुभती थी. आज असं वाटलं कोणी रुमाल दिला हातात."

मी त्याला शिवी घातली. पण रात्री गाळ्याचं शटर ओढायला गेलो तर ते अर्ध्यावर थांबलं. जे शटर मी एका हातानं ओढायचो, ते कामगाराकडून ओढून घेतलं आणि त्यालाच ओरडलो की तेल घालत जा. दुसऱ्या दिवशी त्यानं तेल घातलं. शटर तरी अर्ध्यावरच थांबलं.

मी कुणाला सांगितलं नाही. भिंतीवर माझा फोटो लागला होता ना. केंद्राच्या भिंतीवर, पोटवाला मी आणि सपाट मी, शेजारी शेजारी.

पंगत

सोनिवलीला मेव्हण्याच्या मुलाची हळद. दुपारची वेळ, मांडवात पंगत बसली. मटणाचं वाढप सुरू झालं आणि माझ्या पानात काकडी.

मेव्हणा ओरडला, "अरे दाजींना बगा! आगऱ्याच्या हळदीला काकडी चावतान! ससा झायला माझा दाजी!"

सगळा मांडव हसला. मीही हसलो. पंगत उठली. शेजारचे उठले, समोरचे उठले. मी एक पाय दुमडून पोटाशी घेतला, हात जमिनीला टेकला, जोर केला. काही झालं नाही. पुन्हा जोर केला. मांड्या होत्या, पण त्या माझं ऐकत नव्हत्या. दुसऱ्या कुणाच्या मांड्यांवर मी बसलो आहे असं वाटलं.

एक पोरगा म्हणाला, "शेठना चढली!"

"काकडीची चढली!"

पुन्हा हशा. मला दारूवरून बोललेलं सहन होत नाही. मी रागानं उठायला गेलो आणि बाजूवर कोसळलो. डोकं खांबाला लागलं. मग कुणी हसलं नाही. कुंदा बायकांच्या पंगतीतून धावत आली. मला आठवतं, ती धावली नाही खरं म्हणजे. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत आली. ते मला तेव्हाही दिसलं होतं.

"अवो, क झाला तुमाना? उठा ना. सगली बगतान."

ती मला उचलायला वाकली आणि तिचाच तोल गेला. दोघांना चार जणांनी उचललं. मेव्हणा म्हणाला, "ताय, तू कशाला वाकतंस? तू बाजूला हो." ती बाजूला झाली.

पाच दिवस

मुलगा नितेश पालेगावच्या नव्या वसाहतीत राहतो. त्यानं मला अंबरनाथच्या एका खाजगी रुग्णालयात नेलं. डोक्याला तीन टाके, मी कशानं पडलो ते बघायला पाच दिवस भरती.

रुग्णालयात आधी भीती वाटते आणि मग कंटाळा येतो. पहाटे साडेपाचला रक्त काढायला येतात. सहाला फरशी पुसतात, तो फिनाईलचा वास चहात उतरतो. सातला चहा. मग डॉक्टर येण्याची वाट. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारबाबा होते, खुब्याचं हाड मोडलेले. त्यांची सून रोज त्यांना उभं करायचा प्रयत्न करायची आणि ते रोज म्हणायचे, "उद्या." तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दम लागला आणि वरच्या मजल्यावर हलवलं. चौथ्या दिवशी खाटेवर नवी चादर होती. वॉर्डातल्या मावशींना विचारलं, "बाबा कुठे गेले?" त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमचा चहा घ्या." तो 'उद्या' मी अजून विसरलेलो नाही.

मावशी मात्र देवमाणूस. मला संडासात उठता यायचं नाही हे त्यांनी न सांगता ओळखलं. दार ओढून बाहेर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "शेठ, झालं की भिंतीवर टकटक करा. मी बघत नाही, फक्त हात देते." मोठमोठ्या माणसांना अशी लाज राखता येत नाही.

मॅडम, म्हणजे यकृताच्या डॉक्टरीणबाई, दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी एक पकड मोजायचं यंत्र माझ्या हातात दिलं. "जोरात दाबा." मी दाबलं. त्या म्हणाल्या, "शेठ, दाबा." मी म्हटलं, "दाबतोच आहे." त्यांनी आकडा लिहून घेतला. मग हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. मी दोनदा उठलो. तिसऱ्यांदा खुर्चीनं मला सोडलं नाही.

सगळे रिपोर्ट आले तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या. बसणारा डॉक्टर बघितला की मला धडकी भरते. उभा डॉक्टर बरा.

"यकृतावरची चरबी फारशी हटलेली नाही. व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच. आणि स्नायू गेलेत."

"गेलेत म्हणजे? माझे अकरा किलो गेले ते?"

"बरेचसे स्नायूच. या वयात पोटभर प्रथिनं न खाता, व्यायाम न करता वजन पाडलं की शरीर आधी स्नायू खातं. आणि स्नायू गेले की यकृताला आणखी जड जातं."

मी म्हटलं, "म्हणजे मोटारीतलं तांबं काढून नेलं आणि पत्रा ठेवला."

त्यांना मोटारीचं कळलं नाही. नितेशला कळलं. तो घरी जाऊन चिठ्ठ्या घेऊन आला. खाटेच्या कडेवर बसून त्यानं एकेक ओळ वाचली. दुसरी ओळ चरबी. ती थोडी थोडी उतरत होती. तिसरी ओळ स्नायू. ती दर सोमवारी उतरत होती, घसरगुंडीवरून उतरावी तशी. अठ्ठावीस सोमवार. अठ्ठावीस वेळा छापून आलं होतं आणि लाल गोल मात्र वरच्या ओळीला.

"बाबा, हे तुमच्या खिशातच होतं."

"मला इंग्रजी येतं का?"

"मला येतं ना! एकदा दाखवलं असतं तर? पण तुम्ही कुणाला विचाराल तर तुमची शेठगिरी कमी होईल."

"बाहेर हो!"

तो बाहेर गेला. कुंदा चिठ्ठ्या गोळा करून पिशवीत ठेवत होती. एक खाली पडली. ती उचलायला ती वाकली नाही. पायानं खाटेखालून ओढली, मावशींनी उचलून दिली. मी नितेशवर चिडलेला होतो. मी दाराकडे बघत होतो.

काय केलं

दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून हे सांगतो, पण आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका. दोन्ही वेळेला मासळी, अंडी किंवा डाळ. तेल-साखर बेतानं. आठवड्याला ड जीवनसत्त्वाचं एक पुडकं. मी मॅडमना विचारलं, "आठ आठवड्यांची एकदम घेतली तर लवकर सुटेन ना?" त्या म्हणाल्या, "घ्या. मग मी तुम्हाला याच खाटेवर पुन्हा घेईन." मी एकेकच घेतलं.

आणि व्यायाम. व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली की डंबेल आणा. मी गाळ्यातून जुन्या तराजूची लोखंडी वजनं आणली. आधी किलोची, मग दोन किलोची. रोज सकाळी गच्चीवर उन्हात ती उचलायची, खुर्चीतून उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी पाच वेळा उठलो आणि टाकीला धरून रडलो. कुंदा पिण्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन सावलीत बसायची. ती चार जिने चढून यायची, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. मी म्हणायचो, "लवकर ये की!"

तीन महिन्यांत शटर पूर्ण उतरलं. लछूभाईनं हात धरला आणि "अंगठी लागली, साईं!" म्हणून आरोळी ठोकली. यकृताच्या सोनोग्राफीत फरक दिसला. मी जिंकतोय असं मला वाटलं.

दुसरी खुर्ची

तपासणीला मॅडमकडे गेलो की टेबलासमोर दोन खुर्च्या. एकीत मी, दुसरीत कुंदा, मांडीवर माझी फाईल. शेवटच्या तपासणीला मी यंत्र दाबलं आणि आकडा बघून मॅडम म्हणाल्या, "शाब्बास!" मला चेव आला. थट्टेनं यंत्र कुंदाच्या हातात दिलं.

"अगो, दाब. बघू कोण जिंकतो."

"मना नाय जमाचा."

"दाब गं!"

तिनं दाबलं. काटा हलला असं म्हणायचं तर हलला. मॅडमचा चेहरा मी बघितला. त्यांनी यंत्र परत शून्यावर आणलं, तिच्या दुसऱ्या हातात दिलं. पुन्हा तेच. त्यांनी तिची बाही वर केली. दंडावरची कातडी नुसती लोंबत होती. पाटल्या, त्या मी छोट्या करून आणलेल्या पाटल्या, पुन्हा कोपरापर्यंत गेल्या.

"काकू, तुम्ही काय जेवता?"

"यांचा झाल्यावर ज्या उरल तां."

"मासे?"

"आता यांना दोनदा लागतान. डॉक्टरनी सांगलाय."

"आणि तुम्हाला?"

कुंदानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. हिशेब बरोबर आहे ना, असं विचारल्यासारखं ती म्हणाली, "डॉक्टरनी यांना सांगलाय. मना कोनी सांगला?"

मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला.

त्यावर तिच्या सगळ्या तपासण्या लिहून दिल्या. रक्त त्याच दिवशी दिलं. सोनोग्राफी शनिवारची ठरली. शुक्रवारी सकाळी मी गच्चीवर होतो, दोन किलोचं वजन हातात. खालून धप्प असा आवाज आला. मोठा नव्हता. पिशवी पडावी एवढाच.

ती स्वयंपाकघरात विळीवर बसून बोंबील साफ करत होती. माझ्यासाठी. उठायला गेली आणि उठता उठता बसली. तेवढंच. उंचावरून पडली नाही, घसरली नाही. बसली, आणि खुबा मोडला. विळी आडवी झाली होती म्हणून लागली नाही, ही देवाची एकच दया.

"अवो, मासली उचला पयली," ती म्हणाली. "मांजर येल."

मी तिला उचललं. एकट्यानं. माझ्या हातांत ताकद आली होती. आणि ती किती हलकी होती हे तेव्हा मला कळलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आज

ऑपरेशन झालं. त्याच रुग्णालयात, त्याच मजल्यावर. त्या म्हातारबाबांची होती ती खाट तिला मिळू नये म्हणून मी वॉर्डात तमाशा केला. मावशींनी खाट बदलून दिली आणि काही विचारलं नाही. रक्ताचा रिपोर्ट आला. ड जीवनसत्त्व माझ्याहूनही कमी. राहिलेली सोनोग्राफी तिथेच झाली, आणि यकृतावर चरबी. या सडपातळ बाईच्या, जिनं दारूचा वासही घेतला नाही आणि जिला आयुष्यात कुणी काट्यावर उभं केलं नाही, तिच्या यकृतावर चरबी.

आता ती घरी आहे. व्यायामाची पोरगी रोज येते. वॉकर खाटेशेजारी उभा असतो. मी रोज सकाळी अंडी उकडतो, तिच्या आधी जेवत नाही. ती दोन घास खाते आणि ताटली माझ्याकडे सरकवते. मी ती परत सरकवतो. दुपारी मी विचारतो, "उभी राहतेस?" ती वॉकरकडे बघते आणि म्हणते, "उद्या."

तो शब्द ऐकला की मला म्हातारबाबांच्या खाटेवरची नवी चादर दिसते.

म्हणून आता मला उत्तर पाहिजे. केंद्राच्या सरांना विचारतो: तिसऱ्या ओळीत काय छापून येतं हे तुम्हाला माहीत होतं. अठ्ठावीस सोमवार गोल वरच्याच ओळीला का? माझा फोटो अजून तुमच्या भिंतीवर आहे. तो उतरवू नका, त्याच्या खाली उत्तर लिहा. कॅम्पातल्या डॉक्टरांना विचारतो: दहा किलो मागितलेत, कशाचे ते का नाही सांगितलंत? सातही जण बाहेर थांबले असते. आणि मॅडम, तुम्ही मला उभं केलंत म्हणून तुम्हाला विचारताना माझी जीभ जड होते, तरी विचारतो. महिन्यामागून महिने तुमच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीतल्या माणसाचं तुम्ही रक्त तपासलंत, पकड मोजलीत, ताट ठरवून दिलंत. त्याच घरातलं, त्याच वयाचं, तेच जेवणारं माणूस दुसऱ्या खुर्चीत फाईल धरून बसलं होतं. ते तुम्हाला का दिसलं नाही?

माझ्या वाट्याचं उत्तर मी तिला दिलंय. तव्याचं, पाटल्यांचं, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे कूस वळवली. ते आमच्या दोघांतलं आहे.

आता तुम्ही द्या. मला नको, मी ऐकून घेणारा माणूस नाही. बेलवलीला या, तिच्या खाटेशेजारी खुर्ची ठेवली आहे. त्या खुर्चीत बसा आणि तिला सांगा.